बाई, तो कागद मी वाचला होता

तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेचा कारकून घरी आला. हातात टाइप केलेला कागद होता. रविवारी शाळेत तुझी शोकसभा आहे, तिथे संस्थेचे अध्यक्ष तो वाचणार. त्याआधी घरच्या माणसाने एकदा नजर घालावी, म्हणून आणला होता. नजर घालावी म्हणजे मान हलवावी, एवढं मला कळतं. मी त्याला खाटेवर बसवलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

तो म्हणाला, "गणपतभाऊ, राहू द्या ना जी. दुःखाच्या घरात डोळ्याले काऊन तरास? मी सांगतो काय लिहिलं ते."

मी म्हणालो, "थांब बापू. मले येळ लागते."

तो दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्या ओळीत होतं, 'प्रकृतीच्या कारणामुळे बाईंनी वरचे वर्ग आपण होऊन सोडले.'

तुझी प्रकृती तेव्हा कशी होती हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? पाण्याचे दोन गुंड डोक्यावर आणि तिसरा कमरेवर घेऊन तू विहिरीवरून येत होतीस. नववीचा वर्ग तुझ्या हातून गेला तो माझ्या सहीने गेला. हे गावाला माहीत आहे. गाव म्हणतं, गणपत साधा माणूस, दुसरी शिकलेला, त्याला फसवलं, त्याने न वाचता सही केली. तूही तेच मानून गेलीस. रविवारी मला चार शब्द बोलायला उभं करणार आहेत. लोकांपुढे उभं राहायच्या आधी तुझ्यापुढे बसलो आहे. मी न वाचता सही केली नव्हती, बाई. तो कागद मी वाचला होता.

तुला मी घरातही बाईच म्हणायचो. आधी चिडवायला म्हणत होतो, मग सवय झाली, मग दुसरं काही तोंडातच येईना. आणि हे 'मला' आणि 'तुला' लिहितोय तेही तुझंच. बोलताना मले-तुले सोडू नका, पण लिहाल तेव्हा पार तेलुगू मुलखातल्या सिरोंच्याच्या माणसालाही कळेल असं लिहा, म्हणायचीस.

तू चौदाव्या वर्षी विधवा झालीस, भावाने तुला नागपूरला शिकायला पाठवलं, तू मास्तरीण झालीस, आणि मग पाट लागला तो माझ्याशी. मी जंगलखात्याच्या लाकूड डेपोतला चौकीदार. ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का मारायचा आणि फाटक उघडायचं, एवढं माझं काम. लग्नानंतर तू मॅट्रिक झालीस. तेव्हा मी रोज तुझ्यापाशी कंदील धरून बसायचो असं मी लोकांना सांगत आलो. कंदील खुंटीला होता. मी झोपत होतो.

तुझा वर्ग मी एकदाच नीट पाहिला. त्या दिवशी तू डबा विसरलीस, मी तो घेऊन आलो आणि व्हरांड्यात बसून राहिलो. तुझा आवाज बाहेर येत होता. तू पोरांना घरून कागद आणायला सांगितलं होतंस, ज्याला मिळेल तो. कोणी लग्नपत्रिका आणली होती, कोणी तंबाखूच्या पुड्याचा, कोणी औषधाच्या बाटलीवरचं लेबल. पाटलाच्या नामदेवने बहिणीची पत्रिका मोठ्याने वाचली. आजोबा, काका, मामा, आतोबा, सगळ्यांची नावं आली.

तू म्हणालीस, "अन् नवरीच्या आईचं?"

नामदेवने पत्रिका उलटून पाहिली. मागे कोरं होतं. म्हणाला, "ते नाई लिहीत बाई."

"काऊन नाई लिहीत?"

"मले काय ठाऊक. छापणारा नाई लिहीत."

"छापणाऱ्याले कोणं सांगतलं?"

पोरं हसायला लागली. मग रहमान शिंप्याच्या कुलसुमने औषधाचं लेबल वाचलं. सर्व रोगांवर रामबाण, हजारो रोग्यांना गुण आला. ती आपणच म्हणाली, "बाई, ज्याले गुण नाई आला त्यानं कुठी लिहावं?" तू नुसती टेबलाला टेकून हसत राहिलीस. मी तुला घरी तसं हसताना पाहिलं नव्हतं. बाहेर बसून मला राग आला. का आला हे तेव्हा सांगता आलं नसतं.

तू त्यांना म्हणायचीस, कागद स्वतः बोलत नाही, बोलणारा त्याच्या मागे लपलेला असतो, त्याला हाक मारा. या हाक मारण्यानेच पुढचं सगळं झालं.

शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. संस्थेने एक पत्रक छापून गावोगाव वाटलं होतं. गुलाबी कागद, वर तिरंगा. त्यात होतं की जंगलपट्टीतल्या लोकांनी विद्येच्या ओढीने, आनंदाने श्रमदान करून या भिंती उभारल्या. तू ते पत्रक वर्गात वाचायला घेतलंस. घेऊ नको असं तुला एका मास्तरने सांगितलंही होतं. तू म्हणालीस, शाळेचा कागद शाळेत नाही वाचायचा तर कुठे वाचायचा.

धानोऱ्याकडचा लालसू, गोंडाचा पोरगा, संस्थेच्या वसतिगृहात राहायचा. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेला. तो उभा राहिला आणि बोलता येईना. तू त्याला म्हणालीस, आधी तुझ्या भाषेत सांग. तो गोंडीत बोलला. मागची पोरं खिदळली. तू त्यांना गप्प नाही केलंस, हात वर करायला लावलेस. "ज्याले ज्याले समजलं नाई त्यानं हात वर." सगळे हात वर गेले. "आता समजलं, लालसूले ह्या वर्गात रोज कसं वाटत असंल?" मग तो मराठीत बोलला. म्हणाला, माझ्या बापाने चार दिवस माती वाहिली. मुकादम घरी आला होता. धानकापणीचे दिवस होते, बाप नाही म्हणाला, तर बैल सोडून नेले. चार दिवसांनी परत दिले.

हे मला तूच सांगितलंस, जेवताना. सांगताना तुझा हात ताटात तसाच राहिला होता.

त्या दिवशी नववीच्या पोरांनी पत्रक आपल्या शब्दांत पुन्हा लिहिलं. प्रत्येकाने आपल्या घरी विचारून. कुलसुमने लिहिलं की उद्घाटनाच्या पताका तिच्या बापाने शिवल्या आणि पत्रकात शिंप्याचं नाव नाही. नामदेवने लिहिलं की आमच्या घरून लाकूड गेलं ते खरंच आनंदाने गेलं, माझे बाबा कमिटीवर आहेत. तू त्यालाही चांगला शेरा दिलास, कारण तो खरं बोलला. त्यातली एक वही नामदेवच्या घरून अध्यक्षांपर्यंत गेली.

आता माझं.

अध्यक्ष डेपोत आले. पूर्वीचे मालगुजार, आता मालगुजारी गेली पण माणूस तोच. माझ्या चौकीत, माझ्या स्टुलावर बसले. म्हणाले, "गणपत, बाई हुशार हाय. पण पोट्ट्यायले काय शिकवून राह्यली, तुले ठाऊक हाय काय? उद्घाटनाले मंत्री येऊन राह्यले, अन् हे पोट्टे त्यायच्या तोंडावर विचारतीन." मग खिशातून कागद काढला. डोक्यावर उभे राहिले. मी वाचला. बोट ठेवून, हळू, पण पूर्ण वाचला. त्यात होतं, 'माझी पत्नी हिची प्रकृती ठीक राहत नाही व घराकडे दुर्लक्ष होते. करिता तिला वरच्या वर्गाचे काम देऊ नये. असल्या शिकवण्याला माझी संमती नाही.' खाली माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. मी सही केली.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मोठ्या माणसाने पुढे केलेला कागद त्याच्यासमोर वाचणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. माझ्या बापाने असेच अंगठे दिले, त्याच्या बापानेही. तुझं-माझं यावर किती भांडण झालं. तू म्हणायचीस, "जो वाचू देत नाई त्याले मान नाई पाहिजे, सही पाहिजे." मी म्हणायचो, "तू दोन पुस्तकं जास्त शिकली म्हणून आमचे बापजादे काय गाढव होते?" ते भांडण अर्धवटच राहिलं. पण त्या रीतीचा मला फायदा झाला, बाई. तिच्या मागे मला लपता आलं.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तुला तो कागद दाखवला. तू घरी आलीस, चप्पल न काढता उभी राहिलीस.

"ही सही तुमची हाय जी?"

"हो."

"वाचला होता?"

तू हा प्रश्न विचारला नसतास तर मी बहुतेक खरं सांगितलं असतं. तू विचारलास आणि तुझ्या तोंडावर मला दिसलं की उत्तर तूच आधी ठरवलं आहेस. मी म्हणालो, "मोठ्या माणसाचा कागद कोण वाचते?"

तू खाली बसलीस. म्हणालीस, "वाचला असता तं तुम्ही सही केली नसती, एवढं मले ठाऊक हाय." आणि थोड्या वेळाने, "चूक माहीच हाय. चाळीस पोट्ट्यायले शिकवत बसली, घरातला एक राहून गेला."

शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुला दुसरीचा वर्ग दिला. वसतिगृहात लालसूला पत्रकाबद्दल जे लिहिलं त्याची माफी लिहून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, बाई सांगतील तर लिहीन. तुला तिथे जायला बंदी होती. तो पेटी डोक्यावर घेऊन पायी घरी निघून गेला. दोन वर्षांनी लाकडाच्या गाडीबरोबर डेपोच्या फाटकावर आला. मिशी फुटली होती. मला 'जोहार' केला आणि म्हणाला, "बाई बऱ्या हायत काय?" मी हो म्हणालो. लाकूड नेण्याचा पास हातात घेऊन तो खालपर्यंत वाचत उभा राहिला. मागच्या गाडीवाल्यांनी ओरडा केला, "अबे, बॅरिस्टर हायेस काय, हो बाजूले." तो हलला नाही. एक ओंडका पासात जास्त लिहिला होता, तो त्याने खोडायला लावला. मी घरी येऊन तुला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आनंदाने. तेवढंही मी तुला दिलं नाही.

आणि मग तू मला शिकवायला बसलीस.

संध्याकाळी डेपोतून आलो की तू पाटी नाही, पेपर घेऊन बसायचीस. पंचांग, बाजाराची पावती, बियाण्याच्या पोत्यावरची चिठ्ठी. माझं बोट धरून अक्षरांवर फिरवायचीस. मला जेवढं येत होतं तेवढंही येत नाही असं मी दाखवत होतो. 'जिल्हाधिकारी' या शब्दाला मुद्दाम अडखळायचो. तू न चिडता पुन्हा सांगायचीस. कधी मी म्हणायचो, "म्हाताऱ्याले काऊन सतावतं?" तर म्हणायचीस, "पुन्हा कोणी तुम्हाले फसवू नाही म्हणून." हे तू किती वेळा म्हणालीस, माझ्या हातून मोजलं नाही गेलं.

यात एक गोष्ट अशी झाली की मी खरंच शिकलो. पेपरातली बातमी वाचून मी म्हणायला लागलो, "ह्यात गावकऱ्यायचं म्हणणं कुठी हाय?" तू हातातलं काम टाकून माझ्याकडे पाहायचीस. मला तेव्हा बरं वाटायचं, लहान पोरासारखं. मग आठवायचं की हे सगळं कशावर उभं आहे, आणि तोंड कडू व्हायचं. सांगेन, सांगेन म्हणत होतो. आज नको, तू थकली आहेस. उद्या नको, सण आहे. तुझ्या तापाच्या शेवटच्या आठवड्यात तर म्हणालो, आता आजारी माणसाला काय सांगायचं. माझ्याकडे कारणं कधी कमी पडली नाहीत.

शेजारची सीताबाई काल म्हणाली, "मास्तरणीले सारं समजत होतं भाऊ, तुमच्या मनातलं बी समजत असंल." लोक दुःखात असं बोलतात. मी ते घेतलं नाही. तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तू माझं बोट धरलं नसतं.

तीन दिवसांमागे कुलसुम आली. आता ती आपणच मास्तरीण आहे, ब्रह्मपुरीला असते. तुझ्या खाटेपाशी बसून रडली आणि मग तुझी पुस्तकं झटकायला लागली. मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. "बेटी, तो कागद मी वाचला होता."

तिचा हात थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चाचा, हे मले काऊन सांगता? मी काय म्हणू, माफ केलं? तो मामला माहा नाई." मग म्हणाली, "लिहा. सभेत बोलाल तं अर्धं गिळाल. लिहून आणा, मी पाहीन."

म्हणून हे लिहिलं. तीन दिवस लागले. आज सकाळी ती पुन्हा आली, मी वही दिली. ती उंबऱ्यावर बसून वाचत होती, मी समोर बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला तिच्याकडून शाबासकी पाहिजे होती. ती एका ठिकाणी थांबली. बोट ठेवून म्हणाली, "हे 'डोक्यावर उभे राहिले'. खरंच उभे होते?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही लिहिलं, ते स्टुलावर बसले. मग उभे कवा झाले?"

"झाले असतीन."

"चाचा."

तू तिला चांगलं शिकवलंस.

तर ते वाक्य मी खोडलेलं नाही, वर तसंच ठेवलं आहे, आणि खरं इथे लिहितो. अध्यक्ष उभे राहिले नाहीत. त्यांनी कागद दिला आणि म्हणाले, "घरी ने. इचार कर. उद्या माणूस पाठवतो." माझी नोकरी सरकारी होती, ते माझं काही वाकडं करू शकत नव्हते, आणि त्यांनी तशी धमकीही दिली नाही. तो कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात पूर्ण दिवस होता. डेपोत मी तो चार वेळा वाचला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तू लालसूची वही घेऊन बसली होतीस आणि मला मोठ्याने वाचून दाखवलीस. त्याच्या बापाचे बैल नेले तो भाग दोनदा वाचलास. म्हणालीस, "ऐकलं काय जी, कसा लिहिते हा पोरगा." मी हो म्हणालो. कागद तेव्हा खिशात होता. सकाळी माणूस आला, मी सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

भीतीने नाही केली. डेपोतले लोक म्हणायचे, "गणपतभाऊ, आज चूल कोणं पेटवली? तुम्ही का बाईनं?" ते ऐकून ऐकून केली. घरी आल्यावर ओसरीत पोरंच पोरं, कोणी गोंडीत बोलतोय, कोणी तेलुगूत, कोणी हिंदीत, आणि तू मधे बसलेली, मला कोणी जागा करून देत नव्हतं म्हणून केली. मी काही बोललो की तू सहज विचारायचीस, "तुम्हाले कोणं सांगतलं?" तू पोरांना विचारायचीस तसंच विचारायचीस, प्रेमाने. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. म्हणून केली. तो व्हरांड्यातला राग हाच होता.

कुलसुमने हे मी बोललो ते ऐकलं. म्हणाली, "हे बी लिहा." मी लिहिलं. तिने पुन्हा वाचलं. रागात होती का नाही कळलं नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग म्हणाली, "अजून काही राह्यलं काय?"

मी नाही म्हणालो. ती गेली. जाताना म्हणाली, रविवारी मी तुमच्या बाजूला बसेन, पण वाचायचं तुम्हीच.

राहिलं होतं. ते तिला सांगता आलं नाही, तुला सांगतो, आणि रविवारी तेही वाचीन.

दुसरीचा वर्ग तीनला सुटायचा. त्या पहिल्या दिवशी तू साडेतीनला घरी होतीस. ओसरी रिकामी होती. वही नव्हती, पोरं नव्हती. तू लाखोळीची डाळ शिजवलीस, अंबाडीची भाजी केलीस, सगळं वेळेवर, गरम. माझ्यासमोर बसलीस. तुझे डोळे सुजलेले होते. ते मला दिसत होते, बाई. आणि मला बरं वाटत होतं. घर घरासारखं वाटत होतं. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला, आणि तू वाढलास.